बोअरजवळचा कॉलम

रहिमुन्निसाचं काम म्हणजे पाणी मारणं. काँक्रीट ओतून झालं, सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या, मिस्त्री-गवंडी आपापल्या घरी गेले की बांधकामावर मागे उरते ती पाणी मारणारी बाई. कॉलमांना बारदान गुंडाळायचं, ते ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर आई घड्या बदलते, तसं हे काम. पण त्या आईला निदान लेकरू ओळखतं. इथं इमारत उभी राहिली की फीत कापायला भलतेच लोक येतात, आणि पाणी मारणारीला गेटवरचा वॉचमनसुद्धा "कुठं चाललात बाई?" म्हणून हटकतो. आष्टी-परतूरकडच्या कितीतरी सरकारी इमारती रहिमुन्निसाच्या हातचं पाणी पिऊन उभ्या राहिल्या होत्या. तिला त्याचं कौतुक नव्हतं. पोट भरत होतं, तेवढं बास होतं.

यंदा मात्र तिला एक नवी सवय लागली. दिसेल त्या नव्या सरकारी बांधकामाला ती हात लावून बघू लागली. शाळेच्या नव्या खोल्या, पाण्याच्या टाकीचे पाय, ओढ्यावरच्या पुलाचा कठडा. तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि पुढं निघायचं. येणारेजाणारे एकमेकांना कोपरानं ढोसून म्हणायचे, लालमियाँच्या बायकोचं डोकं सरकलं. लोकांना बोलायला काय जातं? ती नवऱ्याला शोधत होती, हे त्यांना सांगितलं असतं तर ते आणखीच हसले असते. कारण लालमियाँना जाऊन सात वर्षं झाली होती.

लालमियाँ जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. जालन्याला कुठून कुठून भंगार येतं. मोडकी यंत्रं, तुटलेली जहाजं, रुळांचे तुकडे, देशातलं आणि समुद्रापलीकडचंही. सगळं एकाच भट्टीत वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. रहिमुन्निसा मूळची घनसावंगीची. लग्न होऊन आष्टीला आली आणि नवरा भट्टीवर लागला तशी त्याच्यामागं जालन्याला गेली. एक खोली, एक मुलगा तन्वीर, आणि खुंटीवर लालमियाँचा निळा शर्ट. शर्टाच्या खिशावर कारखान्याचं नाव शिवलेलं असे. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ती अक्षरं धुऊन धुऊन पाठ झाली होती. आणि शर्टाला येणारा भट्टीचा वास कुठल्याच साबणानं जात नसे.

एका दुपारी पाळी बदलताना पायाखालची जाळी सरकली आणि लालमियाँ वितळलेल्या लोखंडाच्या भल्यामोठ्या बादलीत पडले. एवढंच. याच्या पुढं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, हीच तर त्यातली भयंकर गोष्ट होती. केस नाही, हाड नाही, अंगठी नाही. वर जाळ, खाली लाल पाणी, आणि माणूस नाही.

त्या वेळचे मालक जुन्या चालीचे होते. त्यांनी तो सगळा वितळलेला रस यार्डात रेतीवर ओतायला लावला आणि सांगितलं, "हे विकायचं न्हाई. कधीच न्हाई." रस थिजला. बैलगाडीएवढा काळा गोळा झाला. आष्टीहून भाऊबंद आले, मौलाना आले, आणि सगळे त्या गोळ्याभोवती उभे राहिले. गुसल, ती शेवटची अंघोळ, कशाला द्यायचं? कफन कशाला गुंडाळायचं? एवढा जड गोळा कबरस्तानात न्यायचा कसा? शेवटी मौलानांनी तिथंच दुआ मागितली आणि गोळा यार्डातल्या लिंबाखाली राहिला. तीच लालमियाँची कबर झाली.

कामगारांनीही ती मानली. खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांना झेंडूचे हार घालायचे, तेव्हा एक हार लिंबाखालच्या गोळ्यालाही पडायचा. लालमियाँचा भट्टीवरचा जोडीदार साहेबराव स्वतः घालायचा. आणि तन्वीरला घेऊन आष्टीला परतलेली रहिमुन्निसा दरवर्षी शब-ए-बारातच्या आधी एसटीनं जालन्याला यायची. हातात चुन्याचं डबडं, कुंचा, गुलाबाच्या पाकळ्या. आष्टीच्या कबरस्तानात लोक आपापल्या माणसांच्या कबरींना चुना मारत, तसा ती गोळ्याला मारायची. वरून, बाजूनं, खालपर्यंत. काळ्याकुट्ट यार्डात तो गोळा पांढराशुभ्र दिसायचा. मग फातिहा पढायची, लिंबाखाली थोडं बसायची आणि परतीची गाडी धरायची. नवरा गेला, पण त्याला जागा आहे, या एका गोष्टीवर ती बाई तगून होती.

यंदा ती आली तेव्हा लिंबाखाली काही नव्हतं.

जागा झाडलेली होती. रेतीवर क्रेनच्या चाकांच्या खुणा होत्या. चुन्याचे काही पापुद्रे तेवढे पडले होते. साहेबराव तिला बघून लांबूनच थबकला. म्हातारा झाला होता बिचारा. जवळ आला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

"भाभी, मी रजेवर होतो. पोरीचं लगीन होतं. परत आलो तं जागा रिकामी."

"कुनी नेलं?"

"कुनी न्हाई नेलं. हितंच गेलं. भट्टीत."

मालक बदलला होता, हे तिला ठाऊक होतं. बाकीचं साहेबरावानं अडखळत सांगितलं. सरकारी पैशाच्या बांधकामाला माल देशी बनावटीचाच पाहिजे, सळई इथल्याच भट्टीत वितळलेली, इथंच ओतलेली पाहिजे, अशी अट कडक झाली होती. शाळा, दवाखाने, पूल, टाक्या, सगळीकडून जालन्याच्या सळयांना मागणी. भट्ट्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. यार्डातलं भंगार संपत आलं, कानेकोपरे खरवडून निघाले. क्रेनवर नवा माणूस, दूरच्या मुलखातला.

"त्याला काय माहीत, भाभी? यार्डातली रीत अशी की तपासून पास झालेल्या मालावर चुना मारायचा. चुना दिसला की बराबर समजायचं, हा माल भट्टीचा. त्यानं चुना बघितला. गॅसनं तुकडे केले आन उचललं."

रहिमुन्निसा हातातल्या डबड्याकडे बघत राहिली. कडेनं ओघळलेला चुना तिच्या बोटांवर वाळला होता.

"चुना मी मारल्ता," ती म्हणाली.

साहेबरावाला हे आधीच सुचलं असणार, कारण त्यानं मान खाली घातली. दर वर्षी येऊन, कंबर मोडेस्तोवर, वरून खालून, एक जागा न सोडता तिनंच खूण करून ठेवली होती. पहिल्या वेळी जाळी सरकली होती. दुसऱ्या वेळी ढकलणारे हात तिचे होते. हा विचार एकदा आत शिरला तो पुन्हा बाहेर निघालाच नाही.

"मंग त्याच्या सळया कुठं गेल्या?"

"सरकारी कामावर. घनसावंगी, परतूर, तुमची आष्टी. जे निघंल ते जल्दी जल्दी भरून पाठवून राह्यलेत. कंचा तुकडा कंच्या सळईत, आता कसं सांगू?"

असा लालमियाँ जिल्हाभर पसरला. आणि त्याची बायको भिंतींना हात लावत फिरू लागली. तिला एकच हवं होतं. तो कुठं आहे ते कळावं, आणि त्याच्यापुढं उभं राहून माफी मागता यावी. भिंती मात्र नुसत्या भिंती होत्या.

उन्हाळा लागता लागता तिला आष्टीतच काम मिळालं. सरकारी दवाखान्याच्या मागं बाळंतिणींसाठी नवी इमारत होत होती. गुत्तेदार होते काकासाहेब. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस, सरकारी अटींना शिव्या देत देत त्याच सरकारी कामांवर गलेलठ्ठ झालेला. स्लॅब अजून पडायचा होता. बारा कॉलम मोकळ्या रानात उभे, डोक्यावर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळयांचे झुबके. लांबून बघितलं तर कुणाची तरी वाट बघत ताटकळलेली माणसं वाटावीत.

कामाच्या पहिल्याच दिवशी रहिमुन्निसाला उरलेल्या सळयांचा गठ्ठा दिसला. सळईवर उठलेली अक्षरं तिनं बोटानं चाचपली. निळ्या शर्टाच्या खिशावरचीच अक्षरं. मग तिनं एकेका कॉलमाला हात लावला. गार. गार. गार. आणि शेवटचा, कोपऱ्यातला, बोअरजवळचा कॉलम कोमट होता.

आता काँक्रीट ओतलं की ते पहिले काही दिवस आतून तापतंच, हे तिला नवं नव्हतं. पण फळ्या निघून बरेच दिवस झाले होते. दुपारच्या उन्हात सगळेच कॉलम तापत, तेही खरं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती सूर्य उगवायच्या आत आली. बाकीच्या अकरांवर रात्रीचा गारवा होता, बारदानं ओलीगच्च होती. बोअरजवळच्या कॉलमाचं बारदान वाळून कडकडीत झालं होतं. तिनं पाईप धरला. पाणी कॉलमावर पडलं आणि तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा आवाज आला. बारीक. पण आला.

तिच्यासोबत कामाला नंदाबाई होती. तोंडाची फटकळ, कामाला वाघीण, भुताखेतांची गोष्ट निघाली की सगळ्यांत आधी हसणारी. तिनं कॉलमाला हात लावला आणि विस्तवावरून उचलावा तसा मागं घेतला.

"आगं बाई! ह्याला ताप आलाय का काय, भाभी?"

"उन्हानं आसंल."

"ऊन कुठंय अजून?" नंदाबाईनं आभाळाकडे बघितलं आणि पदर सावरला. "तू मार ह्याला पानी. मी तिकडचे बघते." त्या दिवसापासून ती बोअरच्या बाजूला एकटी फिरकली नाही. बोअरवर पाणी प्यायला येणाऱ्या साळुंक्या बाकीच्या कॉलमांच्या सळयांवर ओळीनं बसायच्या, कलकल करायच्या. त्या एका झुबक्यावर एकही बसत नसे. हेही नंदाबाईनंच दाखवलं, आणि दाखवून झाल्यावर आपण का दाखवलं असा तिचा चेहरा झाला.

रहिमुन्निसा घाबरली नाही असं कसं म्हणावं? पहिले दोन दिवस तिनं त्या कॉलमाला लांबूनच पाणी मारलं. पण भीतीच्या खाली आनंद होता आणि तो भीतीपेक्षा मोठा होता. सापडला. जिल्हाभर शोधला तो स्वतःच्या गावात, स्वतःच्या हाताखाली सापडला. ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागली. डोक्यावरून पदर घेऊन कॉलमासमोर फातिहा पढायची, शेवटी बापाच्या नावासकट नाव घ्यायची, लालमियाँ वल्द चाँदमियाँ. मग घरातलं सांगायची. तन्वीरनं छोटा टेम्पो घेतलाय, भंगाराची भाडी मारतो. तुमच्या बहिणीचा गुडघा दुखतो. शेजारणीशी अबोला आहे.

मग एका सकाळी तिनं कान लावला, आणि आत कुणीतरी बोलत होतं.

भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी हळू बोलावं तसं. चढउतार कळत होता, मध्येच थांबणं कळत होतं. शब्द एकही कळत नव्हता. मराठी नव्हतं, घरातली दखनी नव्हती, हिंदी नव्हती. रहिमुन्निसानं खूप ऐकलं. आणि मग तिनं स्वतःची समजूत घातली. वरच्या दरबारात गेलेला माणूस आता आपली भाषा कशाला बोलेल? अरबीत बोलत असणार. नमाज पढत असणार. तिला नमाजेतली अरबी पाठ होती, तिच्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता, पण समजूत घालायला निघालेल्या माणसाला अशा गोष्टी आडव्या येत नाहीत.

कॉलमातून वासही येऊ लागला. भट्टीचा, जळक्या लोखंडाचा, शर्टाला यायचा तो. त्या वासानं तिचा उरलासुरला संशयही गेला.

आता खरी गोष्ट बोलायची होती. त्या दिवशी तिनं नंदाबाईला चहाच्या निमित्तानं पिटाळलं आणि दोन्ही तळहात कॉलमावर ठेवले.

"चुना मैंने मारा था जी," ती म्हणाली. "कबर समझ के मारा. मेरेकू नहीं मालूम था. माफ करो."

आतलं बोलणं थांबलं. मग कॉलम तिच्या तळव्यांखाली तापू लागला. हळूहळू नाही, भराभरा. ओल्या बारदानातून वाफ निघाली. आणि आतला आवाज पुन्हा सुरू झाला, या वेळी वरच्या पट्टीत, घाईघाईत, भांडणारा माणूस बोलतो तसा. तिनं हात काढले नाहीत. नवरा रागावला तर रागावू दे, त्याचा हक्क आहे, असं म्हणत ती उभी राहिली. नंदाबाई चहा घेऊन आली तेव्हा रहिमुन्निसाचे तळवे लाल झाले होते आणि दोन बोटांवर फोड आले होते.

त्यानंतर रोज हेच. ती माफी मागायची आणि कॉलम तापायचा. तिनं कान धरले, नाक घासलं, उपास धरले. उत्तर एकच, न कळणारं आणि चिडलेलं. लालमियाँ जिवंतपणी कधी तिच्यावर आवाज चढवून बोलले नव्हते. मेल्यावर एवढा राग? तिची झोप गेली, जेवण गेलं. तन्वीरनं एकदा तिचे हात धरून उजेडात नेले.

"अम्मी, ये हाथ देखो. काम छोड़ दो. मैं हूँ ना?"

"तेरे बाप मेरेसे नाराज हैं," ती म्हणाली. पोरानं तिच्या फोडांना खोबरेल लावलं. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता, आणि आता आईही हातची जाते की काय अशी त्याला धास्ती पडली.

अशा अवस्थेत इंजिनिअर मॅडम तपासणीला आल्या. ज्योत्स्ना खरात त्यांचं नाव. वयानं लहान, पण काकासाहेबांसारखा माणूस त्यांच्यापुढं आवाज उतरवून बोलायचा, यावरून काय ते समजावं. स्लॅब पडायच्या आधी सळया बघायच्या होत्या. शिडी लावून त्या एकेका कॉलमाच्या माथ्यावर चढल्या, सळईवरची अक्षरं वाचली, फोटो काढला, उतरल्या. अकरा कॉलम असे झाले. बोअरजवळच्या कॉलमावर चढल्या आणि वरच थांबल्या.

"काकासाहेब, ह्या सळया कुठल्या?"

"त्याच की, मॅडम. जालन्याच्या."

"वर या."

काकासाहेब शिडी चढले. एवढं मोठं पोट घेऊन शिडी चढताना माणूस हास्यास्पद दिसायला हवा, पण कुणी हसलं नाही. वरच्या सळयांवर उठलेली अक्षरं त्यांना दिसत होती. ती इंग्रजी नव्हती. हिंदी-मराठी नव्हती. उर्दूही नव्हती. वळणावळणाची, कधी न बघितलेली.

"एका कॉलमापुरत्या कमी पडल्या, मॅडम," काकासाहेब घाम पुसत म्हणाले. "जालन्यात माल मिळंना, सगळे तिथंच तुटून पडलेले. एका खासगी कामावरच्या जुन्या पडून होत्या. एकच तर कॉलम हाय."

"माल बाहेरच्या देशातला आहे. अट तुम्हाला माहीत आहे. तोडा."

'तोडा' हा शब्द खाली रहिमुन्निसाच्या कानावर पडला आणि तिच्या हातातला पाईप सुटला. ती धावली. कॉलमाला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल भाजत असताना, ती ओरडली, "तोडू नका! ह्याच्यात माझा मानूस हाय!"

मिस्त्री, मजूर, नंदाबाई, सगळे जागच्या जागी थिजले. ज्योत्स्ना मॅडम खाली उतरल्या. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. तिला बाजूला बसवून त्यांनी पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. लिंबाचं झाड, चुना, शर्टावरची अक्षरं. ऐकून झाल्यावर त्यांनी सळयांचे काढलेले फोटो पुन्हा एकदा बघितले.

"मावशी, तुम्ही म्हणता त्या कारखान्याच्या सळया ह्या अकरा कॉलमांत आहेत. फक्त ह्या एकात नाहीत."

रहिमुन्निसाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं कॉलमाकडे वळून बघितलं. इतके दिवस ती कुणाला घरातलं सांगत होती? कुणापुढं कान धरत होती? आत लालमियाँ नव्हते. आणि आत कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावून कॉलम फोडला. खपल्या पडू लागल्या तसा भट्टीचा वास सगळ्या आवारात पसरला. या वेळी तो सगळ्यांना आला. सळया मोकळ्या झाल्या. ज्या मजुरानं पहिली सळई धरली त्यानं आई गं म्हणत ती टाकून दिली. शेवटी फडकी गुंडाळून त्या ओढून काढल्या आणि जमिनीवर टाकल्या. त्यांच्याखालचं गवत बघता बघता तपकिरी झालं. मजूर लांब सरकून उभे राहिले.

"टाका रे टेम्पोत," काकासाहेब उसन्या जोरानं म्हणाले. "जाऊ द्या जालन्याला भंगारात. तिथल्या भट्टीत एकदा वितळलं की झालं देशी!" एकटेच हसले, आणि स्वतःचंच हसू ऐकून थांबले.

टेम्पो तन्वीरचा होता. त्यानं फाळका उघडला, पण पुढं पाऊल टाकेना. सळया जमिनीवर पडून बारीक टकटक करत होत्या, आणि त्या टकटकीखाली तोच आवाज होता. आता रहिमुन्निसाला तो वेगळाच ऐकू आला. त्यात राग नव्हता. कधीच नव्हता. परक्या गावात वाट चुकलेला माणूस दिसेल त्याला धरून आपल्या भाषेत आपला पत्ता विचारतो, आणि समोरच्याला कळत नाही म्हणून जास्तच जोरात विचारतो, तसा तो आवाज होता. कुठल्या मुलखातली भट्टी होती कोण जाणे. तिथंही जाळी सरकली असेल. तिथल्या मालकानं रस बाजूला ओतला नसेल, सळया ओढून विकून टाकल्या असतील. आणि तिथंही एखादी बाई भिंतींना हात लावत फिरत असेल.

"थांब रे," ती तन्वीरला म्हणाली.

तिनं पदर डोक्यावरून घेतला, सळयांसमोर उभी राहिली आणि फातिहा पढली. रोज पढायची तीच. शेवटी ज्याच्यासाठी पढलं त्याचं नाव घ्यायचं असतं, म्हणजे ते त्याला पोचतं. तिथं ती अडखळली. नाव ठाऊक नव्हतं, बापाचं ठाऊक नव्हतं, तो आपल्या धर्माचा तरी होता की नाही हेही ठाऊक नव्हतं.

"जो भी हो तुम," ती शेवटी म्हणाली, "तुमकू पहुँचे. और तुम्हारी घरवाली कू सबर मिले."

टकटक मंदावली. थांबली. आवाजही थांबला, पण बोलता बोलता तुटला नाही. बोलणं संपल्यावर माणूस गप्प होतो तसा थांबला. मग तन्वीरनं वाकून एका सळईला बोट लावलं, मग हात, मग पूर्ण पंजा.

"अम्मी," तो म्हणाला. "ठंडी पड़ गई."

सळया टेम्पोत चढल्या. उघड्या हातांनी. टेम्पो परतूरच्या रस्त्याला लागून दिसेनासा झाला तरी रहिमुन्निसा तिथंच उभी होती. तिच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत होतं. ज्याच्यासाठी कुणी दुआला हात वर केले नव्हते, तो तापून होता. कुणीतरी केले, आणि तो निवला. मग ज्याच्यासाठी सात वर्षं कुणी न चुकता एसटी धरून येत होतं, तो कसा असेल?

ती वळली. अकरा कॉलम उभे होते. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना हात लावला होता, गार म्हणून सोडून दिलं होतं, आणि भलत्याच दारात रडत बसली होती. ती जवळच्या कॉलमापाशी गेली. ऊन चढलं होतं, तरी ओल्या बारदानाखाली कॉलम गार होता. दुसराही गार. तिसराही. आत कुणी बोलत नव्हतं, तक्रार नव्हती, राग नव्हता. तिच्या घरात कुणी वारलं की त्याच्यासाठी एकच मागणं मागतात, अल्लाह उसकी कबर ठंडी रखे. जाळात गेलेल्या माणसासाठी हे मागणं मागताना सात वर्षं तिची जीभ अडखळत आली होती.

तिनं भाजलेला गाल कॉलमाला टेकवला.

"नंदाबाई," ती म्हणाली, "हिकडं ये. हात लाव. बघ, माझा मानूस किती गार हाय."

आणि लालमियाँ गेल्यापासून पहिल्यांदा ती हुंदके देऊन, कुणी बघतंय याची पर्वा न करता रडली. नंदाबाई आली. तिनं भीत भीत कॉलमाला हात लावला, आणि या वेळी मागं घेतला नाही.